विहिरीला लोखंड लावायचं नाही

मला येणारे फोन तीन प्रकारचे असतात. पहिला घाबरलेल्यांचा: "ताबडतोब या, मुलांना आत कोंडून ठेवलंय." दुसरा मध हवा असणाऱ्यांचा. त्यांना माशा नको असतात, फक्त मध हवा असतो, तोही गाळून बरणीत भरलेला. तिसरा उशिरा जागे झालेल्यांचा. फवारणी होऊन गेलेली असते, गॅलरीत मेलेल्या माशांचा सडा पडलेला असतो आणि "आता काही करता येईल का?" असं विचारायला फोन येतो. त्यांना मी केर नीट कसा भरायचा ते सांगते.

या तिन्हींत न बसणारेही भेटतात. सदाशिव पेठेतल्या एका गृहस्थांनी सकाळीच फोन केला.

"अहो, तुमच्या माशा आमच्या गॅलरीत येऊन बसल्यात. केव्हा नेताय?"

"माझ्या नाहीत त्या."

"मग कोणाच्या? नाव तर काही लिहिलेलं दिसत नाही."

"त्रास देतायत का?"

"त्रास नाही. पण विचारल्याशिवाय आल्यात."

जाऊन पाहिलं तर फुलोरी जातीची छोटी माशी होती, तुळशीच्या फांदीला हातभर अंतरावरून पाहावं असं इवलंसं पोळं. राहू द्या, म्हटलं. त्यांनी राहू दिलं, आणि मग अधूनमधून फोन करून अहवाल देऊ लागले: "मंडळी मजेत आहेत. ओळख मात्र दाखवत नाहीत."

मी वीस-पंचवीस वर्षं एका कारखान्याच्या भांडार विभागात होते. कोणती वस्तू कुठे आहे, किती आहे, कोणी नेली, हे लिहून ठेवायची सवय तिथली. मधमाशीपालनाचं प्रशिक्षण घेतलं ते आधी हौस म्हणून. कर्वेनगरच्या आमच्या घरी स्वयंपाकघरातली कपाटं करायला रफीकभाई नावाचे सुतार आले, तेव्हा त्यांना सहज एक मधपेटी करून मागितली. ती इतकी नेटकी झाली की कपाटं राहिली मागे आणि आम्ही दोघं माशा हलवण्याच्या धंद्यात पडलो. नियोजन माझं, पेट्या त्यांच्या, डंख निम्मे निम्मे.

वाचकांसाठी थोडं समजावून सांगते. उंच इमारतीच्या सज्जाखाली जे मोठं काळपट पोळं लटकतं ते आग्या माशीचं. तिला पेटीत ठेवता येत नाही आणि तिच्या वाटेला जाऊही नये. फुलोरी झुडपांवर राहते. आमचं काम मुख्यतः तिसरीचं, सातेरीचं. सातेरीला अंधार लागतो. झाडाची ढोली, दगडी भिंतीतली पोकळी, जुन्या जोत्यातली भेग अशा जागी ती एकाशेजारी एक बरीच पोळी बांधते आणि वर्षानुवर्षं राहते. नव्या इमारतीत सगळं आहे, फक्त अशी भेग नाही. ढोलीचं झाड धोकादायक ठरवून पाडतात, दगडी भिंत रस्त्यात जाते. शहरातून सातेरी कमी होत चालली आहे ती फुलं कमी झाली म्हणून जितकी, तितकीच घर मिळेना म्हणून.

आता विहिरीची गोष्ट. जागेचं नाव सांगत नाही. शहरात सामील झालेल्या एका गावाच्या कडेला तिथे आता मोठं गृहसंकुल उभं आहे, आणि आपण विहिरीवर राहतो ही माहिती तिथल्या लोकांना माझ्याकडून मिळावी असं नाही.

फोन आला तो साइट इंजिनिअरचा. निखिल नाव, तिशीच्या आतला.

"मॅडम, सिंपल काम आहे. एक ओल्ड वेल आहे, त्यात मोहोळ आहे. वेल बुजवायचीय. पेस्ट कंट्रोलवाले रेडी आहेत, पण ज्यांची जमीन होती ती फॅमिली म्हणते, मारायचं नाही."

"केव्हा बुजवायची?"

"परवा सकाळी मलबा येतोय. उद्याचा दिवस तुमचा. परवा मी पेस्ट कंट्रोलला हो म्हणणार. सॉरी, पण माझ्याही डोक्यावर लोक आहेत."

त्याच दुपारी आम्ही जाऊन पाहून आलो. विहीर घडीव दगडाची, एका अंगाने पायऱ्या. पायऱ्या संपतात तिथे भिंतीत एक देवळी आणि तिच्यात शेंदूर लावलेले सात दगड. साती आसरा, म्हणजे पाण्याच्या देवता. देवळीच्या बरोबर वर दोन दगडांमधल्या फटीतून सातेरीची ये-जा चालली होती. फटीच्या कडा माशांच्या पायांनी घासून गुळगुळीत झालेल्या. जुनं मोहोळ होतं.

काठावर त्या घरच्या सुमनवहिनी उभ्या होत्या. पन्नाशीच्या, हातात विळा-कोयता शोभावा अशा बांध्याच्या.

"ताई, ह्या माश्या माझ्या लग्नाआधीपासनं हायत हितं," त्या म्हणाल्या. "आसरांची राखण करत्यात. आमी जमीन दिली, ती दिली. पण ह्या निघून गेल्या तर आसरा आमच्यावर रुसल्या असंच मी धरनार. मरू तर द्यायच्याच न्हाईत."

"मरू देणार नाही. पण आसरांचं काय करणार?"

"त्यास्नी आमच्या दुसऱ्या रानात नेनार, डोंगरापल्याड, वढ्याकाठी. त्ये आमचं आमी बघतो."

ते त्यांचं ते बघतील, असं मीही धरून चालले. माझ्या यादीत पेटी, चौकटी, जाळीच्या टोप्या, दोर, पहार, सुरी, पोळी बांधायला केळीच्या सोपाचे, म्हणजे खोडाच्या सालीचे धागे, पिण्याचं पाणी, असं सगळं होतं. देवाचा रकाना नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी साइटच्या फाटकातून आत शिरलो आणि रफीकभाईंनी स्कूटर थांबवली. नाक वर करून म्हणाले, "ताई, ऊद."

विहिरीतून धुराचा खांब वर येत होता.

आसरांना निरोप देण्याची पूजा सुरू होती. घरच्या, भावकीतल्या सवाष्णी, ओटीचं सामान, दहीभाताचा नैवेद्य. जन्मभर ज्यांनी पाणी दिलं त्यांना निरोप द्यायचा म्हणून कोणी हात आखडता घेतला नव्हता. देवळीपुढे शेणींचा निखारा फुलवून त्यावर मुठी-मुठीने ऊद टाकलेला. धूर देवळीतून सरळ वरच्या फटीत.

इथे धंद्यातली एक गोष्ट सांगायला हवी. माशा काढताना आम्हीही धूर वापरतो, पण चिमूटभर. थोडा धूर मिळाला की माशा पोटात मध भरून घेतात आणि जड होऊन शांत बसतात. भरपूर धूर म्हणजे त्यांच्या लेखी आग. मग त्या भरल्या पोटी घर सोडतात, राणीसकट. अंडी, अळ्या, सगळं मागे टाकून.

फटीतून माशा सांडल्यासारख्या बाहेर पडत होत्या. विहिरीच्या तोंडाशी त्यांचा घुमणारा ढग झाला. सवाष्णी पदर डोक्यावरून ओढून पायऱ्या चढत पळाल्या. एकट्या सुमनवहिनी हातातलं ताट न सोडता वर आल्या आणि आकाशाकडे बघत राहिल्या.

"चालल्या?" त्यांनी मला विचारलं. आवाज अगदी बारीक झाला होता.

"अजून नाही."

ढग विहिरीवरून सरकला, साइटवर एक वळसा घालून खाली आला आणि मलब्यासाठी आणून उभ्या केलेल्या पोकलेनच्या बकेटला चिकटला. बघता बघता लोखंडी दातांखाली माशांचा घोस तयार झाला, मोठ्या भोपळ्याएवढा. पोकलेनच्या केबिनमध्ये ऑपरेटर चहा पीत बसला होता. त्याने काच लावून घेतली आणि आतून खुणा करू लागला. मग त्याचा हात किल्लीकडे गेला.

मी हात हलवत धावले. "बंद! मशीन चालू नको करना!"

"मैडम, मेरे को बाहर निकालो!"

"बैठे रहो. कुछ नहीं करेंगी. हिलना मत."

इंजिनाचा हादरा बसला असता तर घोस उठला असता, आणि तो दुसऱ्यांदा कुठे गेला असता ते कोणीच सांगू शकलं नसतं. घर सोडलेल्या माशा असा मुक्काम थोडाच वेळ करतात. मधल्या काळात काही माशा जागा शोधायला जातात. जागा ठरली की घोस सुटतो आणि जातो. शहरात तो जातो कुठे? कुणाच्या तरी पाण्याच्या टाकीत, जिन्याखालच्या मीटरच्या पेटीत. तिथून पुढे फवारणी.

निखिल धावत आला. फाटकाशी पेस्ट कंट्रोलचा टेम्पो उभा होता. तो उद्याचा, पण 'जागा बघून ठेवतो' म्हणून आजच आलेला. त्यातला माणूस पंप पाठीला लावून तयार.

"मॅडम, आता तर बाहेरच आल्यात. एक स्प्रे, पाच मिनिटं. माझा ऑपरेटर आत अडकलाय."

"निखिल, ऑपरेटरला काही होणार नाही. या माशांना आत्ता घर नाही, पिलं जवळ नाहीत, राखायला काही नाही. त्या चावायच्या मनःस्थितीत नाहीत. संध्याकाळपर्यंत दिवस माझा आहे, तू म्हणाला होतास."

तो ऑपरेटरकडे बघत राहिला. मग पंपवाल्याला म्हणाला, "थांब जरा."

आता नुसता घोस पेटीत झटकून घेणं अवघड नव्हतं. अवघड असतं ते तिथे टिकवणं. रिकामी पेटी सातेरीला आवडत नाही. आज घेतली तर उद्या सोडून जाते. पण तिचीच पिलांची पोळी पेटीत आधी लावली, तर त्या वासाला ती थांबते. पिलं अजून विहिरीच्या भिंतीत होती, आणि उदाचा निखारा आता विझवला होता तरी ती किती वेळ जगतील ते कळत नव्हतं. मी रफीकभाईंना म्हटलं, पहार घ्या, दगड काढू.

सुमनवहिनी आडव्या आल्या.

"लोखंड न्हाई लावायचं विहिरीला."

"वहिनी, फटीत हात जात नाही. दगड काढल्याशिवाय पोळं निघणार नाही."

"पूजा झाली. आता आसरा वाटेला लागनार. नव्या जागी बसंपर्यंत लोखंड लावायचं न्हाई. माझ्या सासूनं सांगितलंय, तिला तिच्या सासूनं."

निखिलने कपाळाला हात लावला. "अहो काकू, उद्या मी याच विहिरीत ट्रकच्या ट्रक मलबा ओतणार आहे. त्यात सळया असतात. लोखंडच असतं ते!"

"उद्या त्या नसतील तितं," वहिनी म्हणाल्या. "आज हायत."

मी रागावले नव्हते असं नाही, पण भांडायला लागणारा वेळ माझ्याकडे नव्हता. घोसाचा आवाज बदलायला लागला होता. शांत घोस एका सुरात गुणगुणतो. निघायची वेळ जवळ आली की त्या सुरात खरखर येते, कडेच्या माशा सैल होऊन धावायला लागतात.

रफीकभाई विहिरीत वाकून दगड बघत होते. "चुना नाही मध्ये," ते म्हणाले. "नुसता बसवलाय. वहिनी, लाकूड चालेल?"

"लाकडाला काय हुतंय?"

"आणि करवत? वरती, विहिरीच्या बाहेर?"

"वर काय बी करा."

सेंटरिंगच्या ढिगातून त्यांनी बाभळीचा एक ठोकळा उचलला आणि पाचरी कापायला बसले. बांबूची एक कामठी तासून सुरीसारखी धारदार केली. ठोकायला त्यांचा लाकडी हातोडा होताच. चपला काढून, पाचरी खिशात भरून ते पायऱ्यांकडे निघाले, तेव्हा वहिनींनी विचारलं, "भाऊ, तुमाला चालंल न्हवं? देवाचं हाय."

"वहिनी, मी माशांकडे चाललोय. वाटेत देव भेटले तर सलाम करीन."

पोळी हातात घ्यायला खाली दुसरं माणूस हवं होतं. मला घोसापासून हलता येत नव्हतं. निखिलने पायऱ्यांकडे पाहिलं आणि बुटांकडे पाहिलं. तेवढ्यात सुमनवहिनींनी पूजेचं पितळी ताट रिकामं केलं, पदराने पुसलं आणि रफीकभाईंच्या मागे उतरल्या. माझी जाळीची टोपी मी वरून त्यांच्या डोक्यात घातली. त्यांनी ती काढून काठावर ठेवली. "तोंड झाकून आसरांपुढं जात न्हाईत."

मी परत पोकलेनपाशी गेले. कडेच्या माशा आता घोसावरून उडून परत बसत होत्या. निखिलला म्हटलं, पाण्याचा स्प्रे आण, बारीक फवाऱ्याचा. त्याने ऑफिसमधून काच पुसायची बाटली आणली. मी ती धुवायला लावली. तो कुरकुरला, पण दोनदा धुऊन आणली. घोसावर पाण्याचे बारीक तुषार सोडले की माशांना पाऊस आल्यासारखं वाटतं. त्या पुन्हा एकमेकींना धरून बसतात. पण हे फार वेळ चालत नाही. उन्हात तुषार वाळतात, आणि कितीदा पाऊस आला तरी ऊन पडतंय हे त्यांनाही कळतं. केबिनच्या काचेतून ऑपरेटर माझ्याकडे बघत होता. घामाने थबथबलेला. विहिरीतून लाकडावर लाकडाचे ठोके ऐकू येत होते. ठोका, थांबणं, ठोका. मग बराच वेळ काहीच नाही.

"रफीकभाई?"

"हलतोय," खालून आवाज आला. "घाई करू नका, ताई. माझ्या डोक्यावर पडला तर दोन कामं होतील तुम्हाला."

घोसाच्या तळाशी माशांची एक साखळी सुटून लोंबू लागली. मी बाटली दाबली. बाटली संपली. निखिल न सांगता पळत गेला आणि भरून आणली.

शेवटी दगड घसरल्याचा आवाज आला, आणि मग सुमनवहिनी पायऱ्या चढताना दिसल्या. दोन्ही हातांत ताट, ताटात बोटभर जाडीची पोळी, झाकणबंद पिलांची, शेजारी मधाच्या पोळ्याचं एक शकल. पिलांना चिकटून राहिलेल्या थोड्या माशा ताटभर फिरत होत्या, त्यांच्या मनगटांवरही. डाव्या डोळ्याखाली डंख लागून गाल सुजायला लागला होता. ताट जराही कललं नव्हतं.

"लागलं?" मी विचारलं.

"बोलू नगा. आधी ह्यास्नी घरात घाला."

रफीकभाईंनी एकेक पोळं चौकटीत बसवून सोपाच्या धाग्याने बांधलं. आम्ही पेटी उघड्या तोंडाने बकेटच्या दातांखाली धरली, अगदी घोसाला टेकवून. मी मऊ कुंच्याने घोसाच्या बाजूने एकदाच खाली ओढलं. ओलं पीठ पडावं तसा अर्धा घोस पेटीत पडला. उरलेला हवेत उठला.

हा क्षण मला कधीच सवयीचा झालेला नाही. राणी पेटीत पडली की हवेत गेली, हे डोळ्यांनी दिसत नाही. वाट बघावी लागते. राणी हवेत असली तर पेटीतल्या माशाही उठून तिच्यामागे जातात, आणि मग सगळं संपतं.

पेटीच्या दाराशी काही माशा आल्या. एकीने तोंड आत, पाठ बाहेर करून शेपटाकडचा भाग वर उचलला आणि जागच्या जागी पंख हलवायला लागली. मग दुसरीने. मग दाराशी रांगच लागली, सगळ्या पंख्यासारखे पंख फिरवत. राणी आत आहे, इकडे या, असा वास त्या बाहेर सोडत असतात. हवेतला ढग हळूहळू खाली उतरायला लागला आणि दारातून आत चालत जाऊ लागला.

"झालं?" निखिलने विचारलं.

"निम्मं."

ऑपरेटर केबिनमधून उतरला, पेटीपासून लांबून वळसा घालून गेला, आणि नळाखाली डोकं धरून उभा राहिला. पेस्ट कंट्रोलवाल्याने पाठीवरचा पंप उतरवून टेम्पोत ठेवला. वहिनींच्या गालावरचा काटा मी नखाने खरवडून काढला. चिमटीत धरून ओढला तर उरलेलं विषही आत जातं.

पेटी सूर्यास्तापर्यंत तिथेच राहू दिली, बाहेर गेलेल्या माशा परत याव्यात म्हणून. या वेळात माझा आणि वहिनींचा एक वाद झाला. माझी पद्धत अशी की पेटी माझ्या माहितीच्या फळबागेत जाते. तिथे फुलोरा असतो, पाणी असतं, लक्ष ठेवायला माणूस असतो. वहिनींचं म्हणणं, आसरा जिथे, तिथे माशा. ओढ्याकाठचं रान पुरेसं लांब होतं, माशा जुन्या जागी परत आल्या नसत्या. तरी माझं मन नव्हतं. शेवटी मी दोन अटी घातल्या. पेटीजवळ ऊद लावायचा नाही. आणि रोज सकाळी दाराशी बसून आत येणाऱ्या माशांचे पाय बघायचे.

"पाय?"

"मागच्या पायांना परागाचे गोळे दिसायला हवेत. पराग पिलांसाठी नेतात. तो नेत असल्या तर राणीने अंडी घालायला सुरुवात केलीय, त्या राहणार. रिकाम्या पायांनी ये-जा करत असल्या तर त्या निघायच्या तयारीत आहेत. मला फोन करायचा."

संध्याकाळी दाराला जाळी ठोकायला मी खिळे काढले. वहिनींनी नुसतं पाहिलं. मी खिळे परत ठेवले आणि जाळी दोरीने बांधली. ओढ्याकाठी पेटी दगडांवर ठेवली. पलीकडे झाडाखाली सात दगड मांडले होते. पेटीवर सावलीला पत्रा हवा, असं मी म्हटलं. उन्हाने आत मेण वितळेल. वहिनींच्या यजमानांनी, बाळासाहेबांनी, पत्रा आणून ठेवला होता, पण ठोकला नाही. त्याऐवजी वर पळसाच्या फांद्या अंथरल्या.

"अजून बसल्या न्हाईत त्या," ते म्हणाले. कोण, ते मी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी विहीर बुजवली. मी गेले नाही. माशा हलवता येतात, विहीर हलवता येत नाही. त्या भागात आणखी तशाच विहिरी होत्या. त्यांतल्या कुणाकुणात काय होतं ते मला कळलं नाही, कारण मला कोणी फोन केला नाही. या धंद्यात मला न आलेल्या फोनांचं वाईट वाटतं. आलेल्यांचं काहीतरी करता येतं.

वहिनी मात्र रोज फोन करत. "येत्यात, जात्यात. पाय मोकळं." दुसऱ्या दिवशीही मोकळे. मग एके दिवशी, "कमी दिसत्यात." मी साखरेचं पाणी ठेवायला सांगितलं. रफीकभाईंना म्हटलं, उद्या सकाळी जाऊन पेटी बागेत नेऊ, मी वहिनींचं ऐकायलाच नको होतं. ते म्हणाले, "उद्या बघू. वहिनी बघतायत ना."

सकाळी मी हेल्मेट हातात घेऊन दारातच होते, तेव्हा फोन आला.

"ताई, पाय पिवळं हायत."

"एकीचे की पुष्कळ जणींचे?"

"जी जी दारात येती तिचं. हळद लावून आल्यागत. दोन्ही पायास्नी, गोळं."

"वहिनी, नीट बघा. दारातून आत जातायत ना? बाहेर निघालेल्या नव्हेत?"

"आत जात्यात म्हन्ते न्हवं मी!"

मी काही बोलणार, तेवढ्यात पलीकडून ठण ठण असा आवाज यायला लागला. जोरात. मला वहिनींचं पुढचं ऐकू येईना.

"वहिनी, हा आवाज कसला?"

"आमचं मालक हायत. पेटीवर पत्रा ठोकत्यात." मग फोन तोंडापासून लांब धरून त्या ओरडल्या, "अहो, जरा दमानं! बसल्यात त्या, पळून न्हाई जात आता!"